ऑगस्टाचं बंद मडकं

“हे कुणी कापलं?”

म्हातारीने विचारलं, आणि मडक्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

शेगडीत लाकूड तडतडत होतं, तेवढाच आवाज.

“कापलं?… कुठे कापलंय, आजी?” आमचे भाऊजी म्हणाले.

मी भाऊजींकडे बघितलं. साठीचा माणूस, पण तोंड पार उतरलं होतं.

आधी कोण कुठले ते सांगून टाकतो, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. मी अमरावतीचा, वीज मंडळातून निवृत्त झालेला. बहिणीकडे तीन महिने अमेरिकेला गेलो होतो. भाऊजी म्हणजे तिचे यजमान, शरच्चंद्र हुद्दार. तीस वर्षं ॲरिझोनात. नोकरी कॉम्प्युटरची, पण जीव सगळा नवाहो लोकांच्या मडक्यांत.

नवाहो म्हणजे तिथले मूळचे लोक. मेंढ्या राखतात, घोंगड्या विणतात, आणि त्यांच्यातल्या काही बायका मातीची शोभेची भांडी करतात. चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, उघड्या आगीत भाजायचं, आणि गरम असतानाच पाइनच्या झाडाची राळ चोळायची. मग मडकं काकवीच्या रंगाचं चमकतं आणि वर्षानुवर्षं त्याला रानाचा वास येत राहतो.

भाऊजींच्या घरात अशी एकशे बारा मडकी. माझ्या बहिणीला डबे ठेवायला जागा नाही.

नुसती हौस नव्हती हं. माणूस जाणता. कोणतं मडकं कुणाच्या हातचं, अस्सल की साच्यातलं, मोल किती, हे त्यांनी सांगितलं की तिथले व्यापारी मान डोलावत. एक पुस्तिकाही लिहिली होती त्यांनी, आणि ती सगळी एकाच बाईवर: ऑगस्टा टोडाचीनी. शॉन्टो गावाच्या पलीकडे राहणारी, ऐंशीच्या पुढची. तिला भाऊजींनी कधी पाहिलं नव्हतं. मासिकातला तिचा फोटो कापून चौकटीत घातला होता आणि दर गुरुपौर्णिमेला त्याला हार घालत. बहीण म्हणायची, माझ्या सासूबाईंच्या फोटोला जे मिळालं नाही ते या बाईला मिळतं.

तर त्या दिवशी आम्ही त्या बाईच्या घरी बसलो होतो. चार तासांचा रस्ता, आणि चारही तास घोंगडीत गुंडाळलेलं ते मडकं माझ्या मांडीवर. खिडकीची काच खाली करायची नाही, पाय हलवायचे नाहीत. मडकं नव्हे, जावईच मांडीवर घेतला होता म्हणा ना.

काम असं होतं. एक संग्रहालय हे मडकं भाऊजींच्या शब्दावर घ्यायला तयार झालं होतं. पण मडक्याच्या तळाला सही नव्हती. म्हणून त्यांना भाऊजींच्या दाखल्याखाली खुद्द ऑगस्टाबाईची सही हवी होती. ती मिळाली की नव्या दालनाचे मुख्य पारखी भाऊजीच. सोमवारी कागद द्यायचा होता. तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं होतं.

आल्या आल्या भाऊजींनी वाकून नमस्कार केला, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. म्हातारीने नारळ फिरवून फिरवून पाहिला आणि लेकीला, व्हर्नाला, गंभीर तोंडाने सांगितलं की याचं भाजणं कच्चं राहिलंय. व्हर्ना खुदकन हसली. मला बाई तिथेच आवडली.

भाऊजी म्हणाले, तुम्ही माझ्या गुरू. माझी परीक्षा घ्या.

ती म्हणाली, गुरू वगैरे मला माहीत नाही, कॉफी घे.

बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मध्येच ती आपल्या भाषेत जायची, मग व्हर्ना सांगायची. आजी म्हटलेलं तिला चाललं. भाऊजींना ती लेकरा म्हणत होती. मग भाऊजींनी घोंगडी सोडली. म्हातारीने मडकं पाहिलं आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला. कप खाली ठेवून तिने काठाखालून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट फिरत गेलं… आणि थांबलं. आणि तिने तो प्रश्न विचारला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. या मडक्यांच्या काठाखाली मातीची एक वळी माळेसारखी चिकटवलेली असते. ती माळ पुरी जोडत नाहीत. बोटभर जागा मोकळी सोडतात. तिला वाट म्हणतात. करणारीचा जीव, तिचे विचार आत कोंडून राहू नयेत, त्यांना बाहेर यायला रस्ता असावा म्हणून. भाऊजींनी तर पुस्तिकेत ठासून लिहिलं होतं: जिथे वाट नाही, ते मडकं ऑगस्टाचं नाही.

“ही तुमचीच वाट आहे, आजी,” भाऊजी म्हणाले.

“वाट सोडतात,” ती म्हणाली. “ही कापलीय.”

भाऊजी हसले. हसू काही जमलं नाही. मग त्यांनी समजूत घालायला सुरुवात केली. आधी गोडीने: शेकडो मडकी झाली असतील, वय झालं, एकेक कुठे लक्षात राहणार. मग पुस्तिका काढली. तुमच्या सत्तावीस मडक्यांच्या वाटा मी मोजल्यात, म्हणाले, रुंदी इतकी, जागा अशी, आणि ही वाट त्यात चपखल बसते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई समोर बसलीय, मडकं तिचं, हात तिचे, आणि हा गृहस्थ तिलाच तिचं मडकं शिकवतोय. मी भाऊजींच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय सरकवून घेतला.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. पुस्तिकेतली चित्रंसुद्धा नीट पाहिली.

“मडकं माझं आहे,” ती म्हणाली.

“मग झालं तर.” भाऊजींनी कागद पुढे सरकवला.

“वाट माझी नाही. या मडक्याला मी वाट ठेवलीच नव्हती.”

…

व्हर्ना उठून आईजवळ येऊन बसली. आपल्या भाषेत काहीतरी हळूच विचारलं. आईने होकाराची मान डोलावली. व्हर्नाचा चेहरा बघून मी हबकलो. घरात मेलेलं माणूस चालत आलं तरी कुणी इतकं दचकणार नाही.

मग म्हातारीने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचा हिवाळा. माळ लावायला घेतली आणि फोन आला. व्हर्ना तेव्हा फिनिक्स शहरात होती, आणि मायलेकींचं कशावरून तरी वाजलं होतं. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने माळ. रागाच्या भरात टोकाला टोक जुळवलं आणि दाबून टाकलं. लक्षातच आलं नाही. कळलं तेव्हा मडकं आगीतून बाहेर आलं होतं. राळ चोळताना बोट काठाखालून फिरलं आणि फिरतच राहिलं. थांबायला जागाच नव्हती.

तेव्हाच फोडायला हवं होतं, ती म्हणाली.

“पण इतकं चांगलं माझ्या हातून कधी झालं नव्हतं… फोडवेना.”

त्याच आठवड्यात ट्रक बिघडला. चार मडकी व्यापाऱ्याला दिली, त्यात हेही गेलं. दुसऱ्या दिवशी परत मागायला गेली तर ते पुढे विकलं गेलं होतं.

त्यानंतर एकही मडकं आगीतून धड निघालं नाही. एक तडकलं, दुसरं तडकलं. एकोणीस मडकी तडकली. मग तिने माती आणायचंच सोडलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, माती बदलली असेल, लाकूड ओलं असेल. ती म्हणाली, असेलही.

“पण मी कुठे अडकलेय ते मला माहीत होतं.”

व्हर्ना सांगू लागली. प्रत्येक जत्रेला आईला घेऊन जायची. आई दुकानादुकानांत शिरून प्रत्येक मडक्याच्या काठाखालून बोट फिरवायची. दुकानदारांना वाटायचं, म्हातारीला वेड लागलं. एकदा एकाने हात धरून बाहेर काढलं. नऊ वर्षं, व्हर्ना म्हणाली.

माझ्या मांडीवर चार तास काय होतं ते तेव्हा कळलं. मी आपला पाय आखडले म्हणून कुरकुरत होतो.

भाऊजी जमिनीकडे बघत होते. म्हातारीने त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि तळवा उघडून पाहिला. आवाज चढवला नाही की काही नाही.

“किती वेळ लागला?”

“तीन तास,” भाऊजी म्हणाले.

आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडलं.

…

खोटं नाही सांगत, माझे कान गरम झाले. ज्या माणसाच्या पानात चिमूटभर मीठ जास्त झालं तर तो घास बाजूला ठेवतो, त्याने हे करावं?

मग सगळं बाहेर आलं. मडकं त्यांना एका मोडत्या घराच्या सामानाच्या विक्रीत मिळालं होतं. बघताक्षणी ओळखलं. तळाशी अंगठ्याने दाबायची तिची रीत, गारगोटीने घोटायची तिची रीत, शंकाच नाही. पण वाट नव्हती. आणि पुस्तिका छापून झाली होती, सगळीकडे गेली होती. जिथे वाट नाही, ते ऑगस्टाचं नाही. आता लोकांना काय सांगायचं?

पुस्तक चुकलं तर माणूस पुस्तक दुरुस्त करतो. आमच्या भाऊजींनी मडकं दुरुस्त केलं. गॅरेजचं दार लावून, दाताच्या डॉक्टरकडे असतं तसलं बारीक यंत्र घेऊन, सत्तावीस वाटांच्या मापाची अठ्ठाविसावी वाट कोरली. वर राळ वितळवून चोळली. बहिणीने मला तेव्हा फोनवर सांगितलंही होतं की घरात आठ दिवस टर्पेंटाइनसारखा वास येतोय, हे कपाट दुरुस्त करतायत. कसलं कपाट आणि कसलं काय.

व्हर्ना उठली. तिने दार सताड उघडलं. बाहेरची थंडी आत आली.

“निघा,” ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मी उठलोही.

भाऊजी उठले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मी त्या माणसाला रडताना कधी पाहिलं नव्हतं, बापाच्या दहाव्यालासुद्धा नाही. मग त्यांनी दाखला उचलला, फाडायला घेतला, परत खाली ठेवला. पिशवीतून एक छोटी पेटी काढली. पारखी माणसाची पेटी, चिरा बुजवायचा मसाला, सळया, ब्रश, सगळं तिच्यात. त्यांच्या धंद्याचा पहिला नियमच आहे, वस्तू मुळात जशी होती तशी ठेवायची. आयुष्यभर तो नियम दुसऱ्यांना शिकवला आणि एकदा मोडला. आता ते मोडलेलं सांधायला निघाले होते.

मसाला बोटावर घेतला. मळला. मडक्याकडे हात नेला.

म्हातारीने झडप घातली.

ऐंशीच्या पुढची बाई, पण अशी काही उठली की शाल शेगडीजवळ जाऊन पडली आणि कॉफीचा कप कलंडला. मडकं तिने छातीशी धरलं. दोन्ही हातांनी.

“नको.”

“आजी, करू द्या मला. मुळात होतं तसं करतो. तुम्ही केलं होतं तसं. मला दुसरं काही नको.”

“नऊ वर्षं…” ती म्हणाली. श्वास लागला होता तिला. “नऊ वर्षं मी आत होते. आणि तू परत लिंपतोस?”

भाऊजींचा हात तसाच हवेत राहिला. बोटावर मसाला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. मी वीज मंडळाचा माणूस, माझं सगळं उशिरानेच होतं. व्हर्नाला आधी कळलं. ती उघड्या दारातच खाली बसली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

या माणसाने खोटेपणा केला होता, आणि त्या खोटेपणाने म्हातारीची वाट मोकळी झाली होती. आता हाच माणूस खरेपणाने वागायला निघाला होता, आणि खरेपणाने तिला पुन्हा कोंडणार होता. हे कुठल्या हिशोबात बसवायचं? मला अजून बसवता आलेलं नाही.

म्हातारी खाली बसली. मडकं मांडीत घेतलं. करंगळी त्या फटीतून आत घातली, बाहेर काढली. परत आत, परत बाहेर. तिचे खांदे खाली आले. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तोंडावर हसू होतं.

“वाकडी कापलीस,” ती म्हणाली.

भाऊजी वाकून त्या फटीकडे बघू लागले.

“डावीकडे जास्त गेलीय. तुझ्या पुस्तकातली चित्रंही वाकडीच आहेत… पण निघता येतं.”

व्हर्नाने दार लावलं. शाल उचलून आईच्या पायांवर घातली. मी फडक्याने कॉफी पुसायला लागलो, कारण त्या घरात तेवढंच काम मला जमण्यासारखं होतं.

भाऊजींनी बोटावरचा मसाला कागदाच्या रुमालाला पुसला, घडी घातली, ती उलगडली, परत घातली. मडकं इथेच ठेवून जातो, म्हणाले. संग्रहालयाला नकार कळवतो. ती म्हणाली, मडक्याचं काय करायचं ते तू ठरव, मला ते आता नको. जुनी चप्पल कुणी उशाशी ठेवतं का?

आणि खरंच तिने मडकं भाऊजींच्या समोर नेऊन ठेवलं. ज्या मडक्यापायी ती नऊ वर्षं दारोदार फिरली ते मडकं.

आता भाऊजींच्या समोर मडकं, आणि मडक्याशेजारी तो दाखला. टाइप केलेला, वर त्यांचं नाव, खाली तिच्या सहीची रिकामी रेघ. त्यात लिहिलं होतं की ही वाट ऑगस्टा टोडाचीनी यांच्या हातची आहे, शंकेला जागा नाही.

“आजी, मी सोमवारी काय लिहून देऊ?” त्यांनी विचारलं. “खरं लिहिलं तर तीस वर्षांचं नाव जातं. उद्यापासून माझ्या शब्दावर कुणी एक पणतीसुद्धा घेणार नाही. आणि हेच दिलं तर…”

“तर?”

“तर कुणाला कळणार नाही… कधीच.”

मला त्यांची कीव आली. राग होताच, पण कीवही आली. कुणाला कळणार नाही, ही केवढी मोठी सोय, आणि त्या क्षणी तिची त्यांना किती भीती वाटत होती ते मी समोर बघत होतो.

म्हातारीने दाखला उचलला. वाचला नाही. उलटा केला आणि कोरी बाजू वर करून भाऊजींच्या पुढ्यात ठेवला. व्हर्नाकडे हात केला. व्हर्नाने पेन दिलं. ते तिने कागदावर आडवं ठेवलं.

भाऊजी पेनाकडे बघत राहिले.

“आजी…”

“लेकरा,” ती म्हणाली, “मी आले बाहेर. आता तू ये.”